रुचिच्या नावाची नोटीस

लक्ष्मीचंद रहांगडाले यांनी मुलीला मोबाइल सरळ घेऊन दिला असता, तर गोष्ट तिथेच मिटली असती. दोन हजारांचा तर मोबाइल. पण लक्ष्मीचंद पडले गोंदियाच्या एका पतसंस्थेत बावीस वर्षांचे वसुली लिपिक. हप्त्यावर मोटारसायकल उचलायची, चार महिने मिरवायची आणि पाचव्या महिन्यात मागच्या दाराने पळायचं, अशी तरणी पोरं त्यांनी ढिगाने पाहिलेली. (त्यांच्यामागे धावून धावून गुडघे गेले, ते वेगळंच.) आपली रुचि त्या वाटेला जाऊ नये, म्हणून त्यांनी ठरवलं: मोबाइल द्यायचा, पण कर्जाने.

हे २००९ सालचं. रुचि बारावी झाली होती, कुडव्यातल्या घरी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेत होती आणि नागपूरला नर्सिंगला जायची तयारी करत होती. लक्ष्मीचंदांनी तिच्याकडून रीतसर अर्ज घेतला, आईला, राजकुमारीबाईंना, जामीनदार केलं, वहीचं पासबुक बनवलं. दोनशेचे दहा हप्ते, दर महिन्याच्या पाच तारखेला. व्याज मात्र माफ. (बाप होता शेवटी.)

चार हप्ते तारखेवर आले. पाचवा आला नाही.

खरं सांगायचं तर लक्ष्मीचंदांना आनंदच झाला. शिकवायची संधी आल्याशिवाय शिकवणार कसं? त्यांनी सात दिवस वाट पाहिली आणि संस्थेच्या रिवाजाप्रमाणे नोटीस लिहिली : "थकबाकीदार कु. रुचि लक्ष्मीचंद रहांगडाले. रक्कम न भरल्यास पुढील कारवाई करण्यात येईल." रिवाज असा की नोटीस कर्जदाराच्या दारावर लावायची. कर्जदाराचं दार म्हणजे त्यांचंच दार. त्यांनी स्वतः कणकेची खळ शिजवली आणि नोटीस डकवली.

"काऊन जी," राजकुमारीबाई म्हणाल्या, "घरच्या पोरीची इज्जत दारावर चिकटवून राहिले?"

"तिच्या भल्यासाठीच करून राहिलो."

रुचिने नोटीस वाचली. काही बोलली नाही, आत गेली. बावीस वर्षांत नोटीस वाचून गप्प राहणारा कर्जदार लक्ष्मीचंदांनी पाहिला नव्हता. तेव्हाच त्यांना कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते जेवायला घरी आले, तर दारात एक तरुण नोटीस वाचत उभा. हातात डायरी. आपल्या कामाची कोणीतरी कदर करतंय, हे पाहून लक्ष्मीचंद खुलले.

"ये क्या है, चाचाजी?"

"वसुली! सख्खी मुलगी असली म्हणून काय झालं? आपल्याकडे माफी नाही."

"लड़की की आदत है क्या ऐसी?"

इथे थांबायला हवं होतं. पण धंद्यातलं ज्ञान पाजळायची खोड वाईट. "अहो, सगळे सारखेच! उचलेपर्यंत पाया पडतात, उचललं की ओळख देत नाहीत. माझं ऐका, तरण्या पोरांना कर्ज द्यायचंच नाही."

तरुणाने सगळं डायरीत लिहून घेतलं. मग म्हणाला, "मैं चंद्रकुमार, बैंक से. रुचि के एज्युकेशन लोन की इन्क्वायरी के लिए आया हूँ."

लक्ष्मीचंदांच्या तोंडचं पाणी पळालं. नागपूरची फी भरायला नऊ दिवस उरले होते. ते गयावया करू लागले. साहेब, गंमत होती. साहेब, पोरगी हिरा आहे. अशी गयावया त्यांनी फार ऐकली होती. स्वतः करताना ती किती खोटी वाटते, हे त्यांना आज कळलं.

चंद्रकुमारने रुचिलाच विचारलं, "किस्त क्यों नहीं भरी?"

रुचिने बापाकडे पाहिलं. "माझीच चूक झाली, सर. विसरली मी."

"खोटं काऊन बोलून राहिली वो?" राजकुमारीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "पाच तारखेले हे पोरगी दोनशे रुपये घेऊन उभी होती. तुमीच म्हटलं ना जी, सौंदडले वसुलीले जायचं हाय, गाडीत पेट्रोल नाई, दे इकडं, सांजच्याले देतो? कोणती सांज होय ते?"

लक्ष्मीचंदांना आठवलं. देणाऱ्याच्या लक्षात राहतं, घेणारा विसरतो, हे त्यांनी हजार कर्जदारांना ऐकवलं होतं. त्यांना मान वर करवेना. पोरीने बापाला झाकलं होतं आणि बापाने तिला दारावर टांगलं होतं.

कर्ज मंजूर झालं. मात्र सह-कर्जदार म्हणून बँकेने वडिलांऐवजी आईची सही मागितली. राजकुमारीबाईंचा बचत गटातला एकही हप्ता कधी चुकला नव्हता.

निघायच्या दिवशी रुचिने मोबाइल, सिमकार्डासकट, बापासमोर ठेवला. "तुम्ही पेट्रोलला घेतलेले दोनशे वळते करून हजार उरतात, बाबूजी. त्याच्यात हा जमा करून घ्या. बाकी ठेवून जायचं नाही मले. पावती द्या."

'वेडी का काय, ठेव तो,' असं म्हणायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण बावीस वर्षांची सवय. त्यांच्या तोंडून निघालं, "तारीख आजचीच टाकू ना?"

पावती पर्समध्ये ठेवून ती गाडीत बसली. लक्ष्मीचंद फलाटावर रडले. कोणी पाहू नये म्हणून वेळापत्रकाकडे तोंड करून रडले.

मोबाइल त्यांनी राजकुमारीबाईंना दिला, निदान पोरीचा फोन तरी घरी येईल. चौथ्या दिवशी राहवेना, म्हणून फोन आला का हे विचारायला त्यांनी ऑफिसातून आपल्या मोबाइलवरून घरी तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा कटला. संध्याकाळी ते तणतणतच घरी आले.

"फोन काऊन नाही उचलला?"

"तुमचा कुठं आला जी? रुचिनं यात सगळ्यांची नावं भरून ठेवली हायेत. हा 'वसुली' म्हणून कोणी दिवसभर फोन करून राहिला होता, म्या कापून टाकला." राजकुमारीबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगा, कोणाचे पैसे तर नाई ना थकवले तुमी?"