वहिनीच्या दुखण्याची रीतसर चौकशी

बाईच्या पोटात दुखणे ही अत्यंत स्वाभाविक बाब आहे, यावर ज्यांच्या पोटात दुखत नाही त्यांचे संपूर्ण एकमत आहे. आमच्या घराने या क्षेत्रात केलेले कार्य दुर्लक्षित राहू नये, म्हणून हे लिहितो.

माझी वहिनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. शिकाऊ माणूस स्टिअरिंग धरतो, वहिनी शेजारी, तिच्या पायाखाली जादा ब्रेक. पाळीच्या दिवसांत गतिरोधकावरून गाडी गेली की तिच्या ओटीपोटातून अशी कळ यायची, की ती डोळे मिटून "आई गं" म्हणायची. शिकणाऱ्याला वाटे आपलंच काहीतरी चुकलं, आणि तो गाडी आणखी जपून चालवी. म्हणून तिचे विद्यार्थी शहरात सर्वांत सावध चालक मानले जातात. (दुखण्याचे फायदे कोणी बघतच नाही.)

ती शाळेत होती तेव्हा तिच्या आईने सांगितले होते, लग्न झालं की थांबेल. लग्न झाले, थांबले नाही. मग माझ्या आईने सांगितले, मूल झालं की थांबेल. उपचार असे टप्प्याटप्प्याने चालू होते. पण मूलच होईना, तेव्हा मात्र घर खडबडून जागे झाले. दुखणे ही तिची खासगी बाब होती. मूल न होणे ही सर्वांची.

आत्याच्या अध्यक्षतेखाली स्वयंपाकघरात चौकशी बसली. निष्कर्ष असे: घरातल्या शंभर टक्के पुरुषांना हा त्रास कधीही झालेला नाही. बायकांना थोडाफार झाला होता, पण त्यांनी तो सांगितला नव्हता, सबब धरण्यात आला नाही. दादाची तपासणी अनावश्यक, कारण तो दोन्ही वेळा पोटभर जेवतो. संभाव्य कारणे: गार पाणी, फार विचार करणे, पुरेसा विचार न करणे आणि गाडी.

"ती नोकरी आधी सोड," आत्या म्हणाली. "धक्क्यांनी कधी राहतं का?"

"आत्या, शाळेत मी पायी जायचे. तेव्हाही दुखायचंच."

(हे उत्तर उद्धट ठरवण्यात आले.)

मग एके दिवशी चढावर, शिकवता शिकवता, वहिनी बेशुद्ध पडली. स्टिअरिंगवर एक धिप्पाड रंगारी होता, शिकवणीचा पहिलाच आठवडा. घामाघूम होत त्याने गाडी थेट हॉस्पिटलच्या दारात नेली. दुसऱ्या गिअरमध्ये, पण नेली. नर्सने विचारले, "तुम्ही यांचे मिस्टर?" तो म्हणाला, "नाही हो, मी शिकाऊ." इतक्या वर्षांत तिला डॉक्टरकडे नेणारा तो पहिला माणूस.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवले.

"याला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतोय. महिन्याला तोही सुजतो, त्यातूनही रक्त येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. अंडाशयावर जुन्या रक्ताच्या गाठी झाल्यात. अशा सुजेमुळे स्त्रीबीजं कमी होतात, त्यांचा दर्जाही घसरू शकतो."

"म्हणजे मूल होणार नाही?" आईने विचारले.

"असं कुठे म्हटलं मी? पुष्कळ जणींना होतं. पण आता वेळ घालवू नका. इतकी वर्षं काय केलंत?"

"सहन केलं," आत्या म्हणाली. (सहन तिने केले नव्हते, पण घराच्या वतीने बोलायचा अधिकार तिचाच.)

वहिनी एकदम रडायला लागली. दादा घाबरला. "अगं, होईल सगळं नीट."

"त्याचं नाही रे. मला वाटायचं मीच नाजूक आहे. याला नाव आहे. खरंच नाव आहे."

दादाने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "डॉक्टर, माझीही तपासणी करा." त्याचा निकाल काही फ्रेम करून लावण्यासारखा आला नाही. जेवणाविषयीचा निष्कर्ष चौकशीतून गुपचूप वगळण्यात आला.

गाठी काढताना चांगली स्त्रीबीजंही कमी होऊ शकतात, म्हणून ती आधी काढून घेतली. हाताला फार थोडी लागली. प्रयोगशाळेत त्यांचे गर्भ करून गोठवले, मग शस्त्रक्रिया झाली. गर्भाशयात सोडलेला पहिला गर्भ रुजला नाही. वहिनी तिसऱ्या दिवशी कामावर गेली आणि अजूनही शिकतच असलेल्या रंगाऱ्याला रिव्हर्स शिकवून आली. त्यापुढचा गर्भ रुजला. मुलगी झाली, आत्यासारखी मोठ्या आवाजाची.

आत्याने चौकशी यशस्वी झाल्याचे जाहीर केले आणि विषय कायमचा निकाली काढला. घरात सगळ्यांना हायसे वाटले. मूल झाले म्हटल्यावर वाचकहो, तुम्हालाही वाटले असेल. गोष्ट छान संपली म्हणून तुम्ही पान उलटायलाही निघाला असाल.

वहिनीच्या पोटात अजून दुखतं का, हे तुम्हीही विचारलं नाहीत. आत्याला मी तुमच्याबद्दल सांगितलंय. पुढच्या चौकशीच्या बैठकीला या, तुमच्यासाठी खुर्ची मांडून ठेवतो.