निखाडेबाबूंचा स्वेटर

मे महिन्यात नागपूरची माणसं डोक्याला दुपट्टा बांधून आणि खिशात कांदा ठेवून घराबाहेर पडतात. आमचे निखाडेबाबू या दोन्हींखेरीज एक स्वेटर घेऊन निघत. तपकिरी, जाडजूड, कोपरावर रफू केलेला. कारखान्याकडे जाणाऱ्या कळमेश्वरच्या बसमध्ये तो घडी करून मांडीवर ठेवलेला असे, आणि शेजारचा प्रवासी नुसता त्याच्याकडे पाहूनच आणखी घामाघूम होई.

निखाडेबाबू आमच्या बियाण्यांच्या कंपनीतले कॉम्प्युटरवाले. ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. कंपनीने काही वर्षांपूर्वी घेतलेला कॉम्प्युटर गोदरेजच्या कपाटाएवढा होता आणि त्याला गरमी सोसत नसे. म्हणून साऱ्या कारखान्यात एसी एकच, तो त्याच्या खोलीत. मॅनेजरसाहेबांना कूलर होता, मला पंखा होता, आणि मागच्या टिनाच्या गोदामात बियाण्यांची पाकिटं भरणाऱ्या बायांना दोन दारं होती. एकातून झळ आत यायची, दुसऱ्यातून बाहेर जायची.

त्या थंड खोलीचे निखाडेबाबू पुजारी. चपला बाहेर काढायच्या, मोठ्याने बोलायचं नाही, बिडी पिऊन यायचं नाही. दारावर त्यांनी स्वहस्ते पाटी रंगवली होती : 'येथे घाम पुसून येणे.' खाली खिळ्याला पंचा. एकदा साहेबांनाही त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं आणि साहेब मुकाट्याने मान पुसून आले होते.

काहीही विचारा, उत्तर एकच. "मशीनले इचारून सांगतो." चहा घेणार का? मशीनले इचारून सांगतो. माझ्या मुलीच्या लग्नाला येणार का? तेच. लग्नाला ते आले, पण पंगतीत जिलेबी वाढणाऱ्यालासुद्धा त्यांनी मशीनची परवानगी लागेल असं सांगितल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

दुपारी एक ते तीन खोलीवर लाल दिवा लागे. म्हणजे मशीन कामात आहे, आत येऊ नये. आतून प्रिंटरची करकर ऐकू येई. बाबू तेवढ्या वेळात स्वेटर घालून ताणून देतात, याबद्दल कचेरीत कुणालाच शंका नव्हती. मी बनियन पिळून वाळत घालायच्या बेतात असताना हा माणूस थंडीने कुडकुडत झोपतो, या विचाराने माझा जळफळाट होई. खोटं कशाला सांगू?

अशात एक दिवस नागपूरच्या सदर भागातला एक विक्रेता रजईत गुंडाळलेलं खोकं घेऊन आला. आत नवा कॉम्प्युटर होता, टेबलाच्या कोपऱ्यात मावेल एवढा.

"एकदम छोटा, साहेब! जागेची झंझट नाही, एसीची झंझट नाही. पंखा पुरे!"

"एसी नको?" साहेब खुर्चीत सरळ झाले.

"बिलकुल नको. तो काढून आपल्या केबिनमध्ये लावा!"

साहेब पुण्याचे होते आणि नागपूरचा तिसरा उन्हाळा काढत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या शेजारी उभ्या निखाडेबाबूंचं तोंड मात्र उतरलं.

"काळे," साहेब मला म्हणाले, "पंधरा दिवस तुमच्या टेबलावर ठेवून बघा आणि टिपणी द्या. घ्यायचा की नाही, ते तुमच्या टिपणीवर."

मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बियाणं, बस आणि माणसं या तिन्हींचा मला वीट आला होता. त्यात आता हे लचांड.

त्या दिवसापासून निखाडेबाबू माझ्या टेबलाशी ठाण मांडून बसू लागले. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा उलटा हात ते कॉम्प्युटरला लावत. "ताप हाये गा याले, काळेबाबू." मग त्यांनी इतवारीच्या बाजारातून भिंतीवरचा थर्मामीटर आणला. मग वही केली. सकाळी दहा वाजता 'बरा'. बाराला 'कणकण'. दोनला 'सणकून ताप'. एके दिवशी पाहतो तो पडद्याशेजारी कांदा.

"हे काय?"

"ऊन लागू नये म्हून."

"अहो, त्याला कसलं ऊन लागतं?"

"काहून नाई लागत? आज चालून राहिला, उद्या गप बसन. मंग?"

कॉम्प्युटर काही गप बसला नाही. जुन्या धुडाला अर्धा दिवस लागणारी विक्रेत्यांची यादी त्याने चहा थंड व्हायच्या आत काढून दिली. पंख्याखाली, त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत, कांद्याच्या वासात. माझी टिपणी मनात तयार झाली होती : नवा घ्यावा, एसी साहेबांकडे हलवावा. निखाडेबाबूंचा थाट एकदाचा उतरेल, याचं मला थोडं बरंही वाटत होतं.

पंधराव्या दिवशी ताडून बघायला मला जुन्या मशीनवरची एक यादी हवी होती. दीड वाजला होता, लाल दिवा लागलेला. मी दार वाजवलं. प्रिंटरच्या करकरीत ते ऐकू जाईना. वैतागून मी दार ढकलून आत गेलो.

जमिनीवर गोदामातल्या आठ बाया होत्या. बियाण्याच्या औषधाने हात कोपरापर्यंत गुलाबी झालेले. कुणी भिंतीला टेकलेली, कुणी पदर तोंडावर घेऊन आडवी. कॉम्प्युटरच्या पायथ्याशी एक म्हातारी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. मागच्या दाराशी चपला ओळीने मांडल्या होत्या. आणि स्वेटर, मफलर, कानटोपी घातलेले निखाडेबाबू स्टुलावर बसून एकच रद्दी कागद पुन्हा पुन्हा प्रिंटरमधून काढत होते, बाहेर आवाज जावा म्हणून.

मला पाहून ते पटकन उठले आणि शिंक आली ती त्यांनी हातरुमालात दाबली.

"ओरडू नका गा," ते कुजबुजले. "बुढी आताच झोपली."

"हे रोज चालतं?"

"पाळीपाळीनं. मुकादमाले सांगतलं, लेबलं मोजाले बाया लागतात म्हून." त्यांनी नाक पुसलं. "मले हे थंडी सोसत नाई. दमा हाये. डॉक्टर म्हन्ते सोडा हे खोली. पन मी सोडली तं लाल दिवा कोन लावन?"

मी मागे दार लोटून घेतलं. ते खाली बघत म्हणाले, "तीन सालाआधी शेवंताबाई पाकिटं भरता भरता खाली बसली. मी यादी द्याले गेलतो तिथं. बाया म्हने, बाबूजी, पाहा ना हिले. मी म्हटलं, थकली असन, बसू द्या घडीभर. अन् मी इथं येऊन बसलो, थंडीत. ते मंग उठलीच नाई, काळेबाबू."

प्रिंटरचा कागद संपला. त्यांनी तोच उलटा करून पुन्हा लावला. पंधरा दिवस हा माणूस त्या छोट्या डब्याच्या कपाळाला हात का लावत होता, ते मला तेव्हा कळलं. माझी मलाच लाज वाटली.

टेबलावर परत येऊन मी टिपणी लिहिली. नवा कॉम्प्युटर उत्तम आहे, घ्यावा. मात्र दुपारी एक ते तीन या वेळात त्याचे तापमान धोक्याच्या पातळीवर जाते, सबब तो सध्याच्या वातानुकूलित खोलीतच ठेवावा. सोबत श्री. निखाडे यांची वही जोडली आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेलं ते पहिलं खोटं.

साहेबांनी वही चाळली. 'सणकून ताप' वाचून कपाळाला आठ्या घातल्या, कूलरकडे दुःखी नजरेने पाहिलं.

"खरंच एवढा तापतो, काळे?"

"हात लावून पाहिला, साहेब."

त्यांनी सही केली.

मी निखाडेबाबूंना सांगायला गेलो तेव्हा तीन वाजून गेले होते, बाया कामावर गेल्या होत्या. त्यांनी आभार वगैरे मानले नाहीत. पंच्याने जमीन पुसत राहिले. मी निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाले, "दुपारी येत जा ना गा इकडे. साऱ्या झोपतात. मी एकटाच जागा राह्यतो, बोलाले कोनी नसते. घरीबी नसते."

मला काय सुचलं कोण जाणे. "मशीनला विचारून सांगतो," मी म्हणालो.

निखाडेबाबू हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये त्यांनी माझ्यासाठी जागा धरली होती. त्यांच्या मांडीवर दोन स्वेटर होते.