आल्प्सची खडीसाखर

दगड ओळखावा तर मी! कुठलाही स्फटिक माझ्या तळहातावर ठेवा, डोळे किलकिले करून सांगेन, हा कॉर्नवॉलचा, हा हार्झ पर्वताचा, हा रुमानियाच्या खाणीतला. आणि माझा नियम कडक आहे. माझ्या कपाटात येणार तो फक्त युरोपचा दगड! बायको अनुपमा नाशिकची. ती म्हणते, "मामाच्या शेतात विहीर खणली तेव्हा असले चमकणारे दगड घमेल्यांनी निघाले होते. मामाने बांधाला रचले." मी तिकडे लक्ष देत नाही. व्हिसा काढल्याशिवाय बघायला मिळतो, तो दगड काय कामाचा!

आमच्या ऑफिसात ग्रुबर नावाचा ऑस्ट्रियन इंजिनीयर होता. रिटायर होऊन दुबई कायमची सोडून निघाला. जाण्याआधी त्याने खिशातून रुमाल काढला, हळूच उलगडला. आत सुपारीएवढा स्फटिक, पाण्यासारखा स्वच्छ! त्याच्या वडिलांनी तरुणपणी आल्प्सच्या कड्यावर दोराला लटकून काढलेला.

"मला मूलबाळ नाही," ग्रुबर म्हणाला. "तुझ्याकडे नीट राहील."

मी दोन्ही हातांनी स्फटिक घेतला. "जिवापाड सांभाळीन! रविवारी घरी जेवायला ये. कपाटात कसा शोभतो ते बघ आणि मग सोमवारी विमानात बस."

आता अशा रत्नाला डबीही तशीच हवी. अनुपमाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण द्यायला ड्रॅगन मार्टमधून पारदर्शक डब्या आणल्या होत्या आणि शनिवारी सकाळी ती त्यात खडीसाखर भरत बसली होती. मी एक रिकामी डबी उचलली, स्फटिक आत ठेवला, झाकण लावलं. डबी डायनिंग टेबलावर ठेवून कपाटाची काच पुसायला गेलो. पुसता पुसता ऑफिसचा फोन आला, मग साइटवर जावं लागलं, परत येईपर्यंत हळदीकुंकू आटोपून गेलं होतं.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या मात्र रविवारी सकाळी आलं!

"अनु, टेबलावरची डबी कुठाय?"

"कुठली? कमी भरलेल्या डब्यांत साखर घातली आणि सगळ्या वाटून टाकल्या."

"अगं, एकीत ग्रुबरचा स्फटिक होता!"

"माझ्या डबीत? मला न विचारता?"

"ते नंतर भांड! आधी सगळ्यांना फोन कर, डब्या परत माग."

"दिलेलं वाण परत मागू? या अल बर्शा वस्तीत तोंड दाखवायला जागा राहील का मला?" असं म्हणून ती तणतणत आंघोळीला गेली.

तिचा फोन टेबलावरच होता. मी बायकांच्या ग्रुपवर घाईघाईने टाइप केलं, 'कालची खडीसाखर कोणीही खाऊ नये. अर्जंट!' पुढची ओळ लिहिणार, तोच फोन वाजायला लागला.

"अनुपमा, काय होतं गं त्यात?" सबनीस वहिनी रडवेल्या झाल्या होत्या. "आमच्या ह्यांनी सकाळीच चहात घातली! आता मिठाचं पाणी पाजतेय, पण उलटी होतच नाहीये!"

देवस्थळी वहिनींनी तर डबी कमोडमध्ये उलटी करून फ्लश केल्याचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, 'खलास!' तो व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला, नेमकं काय वाहून गेलं ते कळावं म्हणून.

अनुपमा डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली, ग्रुप वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप दोन पावलं मागे सरलो. मग तिनेच एकेकीला फोन करून माफी मागितली. सगळ्यांकडे साखरच गेली होती. देवस्थळींकडेही! राहिली समोरच्या फ्लॅटमधली रशीदाभाभी. ती रत्नागिरीची, आमच्या ग्रुपवर नाही, पण दर वर्षी तिळगुळाला हमखास येते.

"ती होय? बरणीत ओतली ना भाऊ," रशीदाभाभी म्हणाली. "आमच्या ह्यांना खोकला झालाय. येता-जाता तोंडात टाकतात."

तिने बरणी परातीत पालथी केली. सगळे खडे सारखेच चकाकत होते. मी भिंग काढलं.

"भाऊ, एकेक चाटून बघा ना!"

"भाभी, हे शास्त्र आहे, पाणीपुरी नाही!"

मी कडा पाहिल्या, चमक पाहिली, खडे उजेडात धरून फिरवले. शेवटी एक उचलला. "हा बघा! याला म्हणतात आल्प्स!"

"इन्शाल्ला," रशीदाभाभी म्हणाली. मला तो सूर जरा खटकला, पण ग्रुबर यायची वेळ झाली होती.

ग्रुबर आला, त्याने गुळपोळी तुपात बुडवून खाल्ली. मग मी कपाटातला दिवा लावला. तो काचेजवळ वाकला. डोळे भरून आले होते त्याचे.

"दगड सापडला की वडील आधी जिभेने धूळ पुसायचे," तो म्हणाला आणि त्याने खडा उचलून चाटला.

मग पुन्हा चाटला.

"विजय, हा विरघळतोय."

"बाबा, दॅट्स लिटरली कँडी!" आमची ईशानी किंचाळली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्रुबरचा चेहरा एवढासा झाला. "मग माझा कुठे आहे?" त्याने हळूच विचारलं. काय सांगणार? वडिलांची आठवण माझ्यावर विश्वासून ठेवली आणि मी ती वाणात वाटून टाकली?

तेवढ्यात बेल वाजली. दारात रशीदाभाभीचे मिस्टर, हमदुल्लाभाई. एक गाल टम्म फुगलेला.

"विजयराव, ही खडीसाखर कुठल्या दुकानातली हो? एक नंबर माल! सकाळपासून चघळतोय, पण झिजायचं नाव नाही!" असं म्हणत त्यांनी ती या गालातून त्या गालात सरकवली.

अनुपमाने नुसती बशी पुढे धरली. टक्!

ग्रुबरने तो खडा उचलला, सिंकमध्ये खळखळून धुतला आणि चाटला. मग इतका हसला, इतका हसला की हमदुल्लाभाईंचा खोकला परत सुरू झाला.

निघताना त्याने स्फटिक पुन्हा रुमालात गुंडाळला. मी दोन्ही हात पुढे केले. त्याने तो अनुपमाच्या हातात दिला.

कपाटाची किल्ली तेव्हापासून तिच्याकडेच असते. मला स्फटिक बघावासा वाटला की मागावी लागते. देते ती, नाही असं नाही. फक्त आधी विचारते, "ओळखशील ना?"