सगळ्यांची एकच भिशी

माणसं जोडावीत तर मी! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. इस्पितळाच्या धुलाईखात्यात मी इस्त्रीवर आहे. आम्ही आठ जण, आठ मुलखांतले, आणि जेवणाच्या सुट्टीत आठ दिशांना तोंडं करून बसणारे. या सगळ्यांना एकत्र आणायला मी भिशी काढायची ठरवली. दर महिन्याला प्रत्येकाने सारखे पैसे टाकायचे आणि जमलेली सगळी रक्कम एकाने उचलायची. पुढच्या महिन्यात दुसऱ्याने.

आता खरं सांगतो. मला वॉशिंग मशीन हवं होतं. आमच्या घरात कपडे धुण्याचं खातं माझ्याकडे आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी बायकोला 'त्यात काय मोठंसं!' म्हणून बसलो, त्याला आता नऊ वर्षं झाली. सहा दिवस इस्पितळाच्या चादरी आणि सातव्या दिवशी बादलीत आमच्या! कंबर पार कामातून गेली होती. तेव्हा पहिली भिशी मीच उचलणार, हे मनाशी पक्कं होतं.

आधी फाटक्या चादरी शिवणाऱ्या मावशींना गाठलं.

"अगंबाई, म्हणजे आमची अरिसान!" त्या म्हणाल्या. "दर वेळी चिठ्ठी काढायची, नाव निघेल त्याचं नशीब. तसंच ना रे?"

"तसंच, मावशी!"

मग बॉयलरवाले काका. "आमच्याकडे हुई म्हणतात. पहिली पाळी प्रमुखाची, पुढच्यांना बोली. तसंच?"

"अगदी तसंच, काका!" मी त्यांना मिठीच मारणार होतो.

ड्रायव्हर गाडीत गठ्ठे चढवत होता. "आमची गमेया," तो म्हणाला. "ज्याची गरज मोठी, त्याला आधी. हेच ना?"

"हेच, हेच!"

उरलेल्या चौघांनीही आपापली नावं आणि रीत सांगितली. मी सगळ्यांपुढे मान डोलावली. नावं निराळी, गोष्ट एकच! त्याच संध्याकाळी मी दुकानात जाऊन मशीन ठरवून आलो. रविवारी अकरा वाजता घरपोच, मशीन आलं की पैसे रोख!

रविवारी दहाला सगळे आमच्या घरी जमले. बायकोने चहा केला, सगळ्यांनी पैसे डब्यात टाकले. मी खाकरून भाषणाला उभा राहतोय, तोच मावशींनी पिशवीतून बरणी काढली. आत आठ चिठ्ठ्या!

"हे काय?" काका म्हणाले. "पहिली पाळी प्रमुखाची. म्हणजे याची."

"ती कशी काय? मला हा चिठ्ठी म्हणाला होता!"

"आणि मला गरज म्हणाला होता," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चहाच्या कपात बघायला लागलो. तेवढ्यात दार वाजलं. दुकानाची दोन माणसं, तीन जिने चढून, मशीनसकट!

"अहो, हे कोणी मागवलं?" बायकोने विचारलं.

मी म्हटलं, "मोठी गंमत आहे." कोणालाच गंमत वाटली नाही.

"तिघांना तीन तोंडांनी सांगणारा प्रमुख आम्हाला नको," मावशी म्हणाल्या. "डबा वहिनींकडे द्या!" सात हात वर झाले. माझा आठवा मी लाजेकाजेस्तव अर्धा उचलला.

पण काका पडले तत्त्वाचे. "मग पहिली पाळी वहिनींची. प्रमुख बदलला, रीत नाही बदलली."

मला आनंदाने रडूच यायचं बाकी होतं! बायकोची पाळी म्हणजे घरचीच पाळी! "आणा, आणा, आत आणा!" मी दुकानाच्या माणसांना ओरडलो.

बायकोने डबा मांडीवर घेतला आणि ड्रायव्हरला विचारलं, "भावोजी, तुमची गरज काय होती?"

"आईला इकडे आणायचंय, वहिनी. चार वर्षं झाली, फक्त फोनवर बघतोय. तिकिटाचे पैसे काही जमत नाहीत."

"पहिली पाळी माझी ना? मग हे घ्या. तुमच्या नंबरावर मी येईन."

खोटं कशाला सांगू, मला गहिवरून आलं. ड्रायव्हरने डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. काकांना प्रमुख पावला होता, ड्रायव्हरला गरज. राहिल्या मावशी. ड्रायव्हरची चिठ्ठी बाजूला ठेवून त्यांनी पुढच्या नंबरांसाठी बरणीतून एकेक नाव काढलं, आमच्या घरचं निघालं सगळ्यात शेवटी. आठवा! दुकानाच्या माणसांनी मशीन घेऊन परत जिने उतरताना माझ्याबद्दल जे उद्गार काढले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

महिन्याभराने ड्रायव्हर आईला घेऊन आभार मानायला आला. वार रविवार. मी बाही वर करून चादर पिळत होतो. म्हातारीने दोरीवरचा अभ्रा चाचपला, उजेडात धरला आणि लेकाला काहीतरी म्हणाली.

"आई म्हणते," ड्रायव्हर हसत म्हणाला, "इतकं स्वच्छ मशीनला कधी जमणार नाही."

बायकोने तो अभ्रा हातात घेऊन बराच वेळ निरखला. माझ्या आठव्या पाळीला आता आमच्याकडे फ्रिज येतोय.