चावी राजवाड्यावर आहे

एका जंगलात एक हमरस्ता होता. हमरस्त्याच्या खालच्या अंगाला नदी होती आणि नदीच्या काठाने सायकलींची वाट होती. हमरस्त्याने गवे, हत्ती अशी अवजड मंडळी जात. नदीकाठच्या वाटेने ससे, पाणमांजरं आणि साळिंदरं सायकली हाणत. साळिंदर सायकल कशी चालवतं, असं विचारू नका. गोष्ट आहे. गपगुमान ऐका.

या दोन्ही वाटा जिथे जवळ येत, तिथे पूर्वी झुडपंच झुडपं होती. प्रवासी थांबत, झुडपाआड जात, हलके होऊन पुढे निघत. कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार नाही म्हणजे विकास नाही, असं वाघमहाराजांना वाटलं. त्यांनी झुडपं तोडली आणि तिथे प्रवासी स्वागत केंद्र बांधलं. पुढे हिरवळ, हिरवळीत कारंजं, आणि फोटो काढायला 'आमचं जंगल' अशी मोठ्ठाली अक्षरं. हिरवळीच्या टोकाला करवंदाची एक जाळी तेवढी उरली. काट्यांमुळे तिला कुणी हात लावला नाही.

केंद्राचे प्रमुख होते खवलेसाहेब. म्हणजे खवले मांजर. संकट आलं की खवले मांजर अंगाचा गोळा करून घेतं. साहेब तर नुसता अवघड प्रश्न आला तरी करून घेत. या गुणावरच त्यांची नेमणूक झाली होती.

एके दिवशी यमूमावशी साळिंदर लेकीच्या गावाहून सायकलवर परतत होती. लेकीने आग्रह करकरून ताक पाजलं होतं. मावशीला जोराची लागली.

हसू नका. तुम्हालाही लागते.

केंद्रात शिरताच कुणी तिला कुंकू लावलं, कुणी गुलाब दिला. खवलेसाहेब नदीचा रंगीत नकाशा उलगडून दाखवू लागले.

"नदी माझी पाहिलेली आहे, साहेब," मावशी पाय आवळून म्हणाली. "मोरी कुठंय ते सांगा."

"स्वच्छतागृह? आहे ना! या, या." साहेबांनी तिला एका देखण्या दारापाशी नेलं. दाराला लाल फीत होती. आणि कुलूप होतं. "आत परदेशी फरशी आहे, मावशी. हात पुढे केला की आपोआप पाणी येतं."

"मग उघडा की!"

"उद्घाटन व्हायचंय. महाराज स्वतःच्या पंजाने उघडणार. म्हणून चावी राजवाड्यावर पाठवलीय."

"आणि महाराज यायचे कधी?"

खवलेसाहेबांचा गोळा झाला.

मावशी तशीच धावत करवंदाच्या जाळीत शिरली. साळिंदराला काट्यांचं काय! पण बाकीचे प्रवासी ओरबाडून निघत. सशांच्या बायका तर बाहेर पडायचं असलं की सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. याचं मात्र मला हसू येत नाही.

अखेर महाराजांचा दौरा ठरला. महाराज नदीकाठच्या वाटेने सायकलवर येणार होते. वाटेत जागोजागी कमानी आणि प्रत्येक कमानीखाली शहाळं. नको म्हटलं तर प्रजेचं मन मोडतं. केंद्राशी पोचेपर्यंत महाराजांना सायकलवर नीट बसवतही नव्हतं.

यमूमावशीला 'लाभार्थी' म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. शाल मिळाली, नारळ मिळाला. "केंद्रामुळे माझी फार सोय झाली," एवढंच बोलायचं, अशी ताकीदही मिळाली. मावशी कबूल झाली. आज दार उघडणार होतं ना!

खवलेसाहेबांचं प्रास्ताविक लांबलं. महाराज मध्येच उठले. "पुरे! चावी द्या."

"महाराज, ती आपल्याकडेच आहे."

"माझ्याकडे कुठली?"

"राजवाड्यावर, महाराज. दिवाणखान्यात. काचेच्या पेटीत मांडून ठेवलीय."

महाराजांनी मावशीच्या कानाशी वाकून विचारलं, "बाई, तुम्ही कुठे जाता हो?"

मावशीने करवंदाच्या जाळीकडे बोट केलं. महाराज धावले. बँडवाल्यांनी प्रसंग ओळखून जोरात वाजवायला घेतलं. थोड्या वेळाने महाराज बाहेर आले. नाकावर ओरखडे होते, आणि जिथे नसावेत तिथेही होते.

"बरं झालं," मावशीला वाटलं. "ज्याचं जळतं त्याला कळतं. आता ते कुलूप राहत नाही."

पुढच्या खेपेला मावशी आली. लेकीचं ताक पोटात होतंच. बघते तर करवंदाच्या जाळीभोवती लोखंडी कुंपण. कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप. वर संगमरवरी पाटी: 'महाराजांच्या पदस्पर्शाने पावन झालेले स्थळ.'

"साहेब, हे काय?"

"स्मारक, मावशी."

"याची चावी?"

"राजवाड्यावर."

"आणि तुमचं ते फरशीवालं दार?"

"त्याचं उद्घाटन त्या दिवशी राहूनच गेलं ना! महाराजांकडे नवी तारीख मागितलीय."

"मग आम्ही जायचं कुठं?"

खवलेसाहेबांचा गोळा झाला. तिथेच, व्हरांड्याच्या पायरीवर.

मावशीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हिरवळ सपाट होती. कारंज्यापाशी गव्यांचं कुटुंब फोटो काढत होतं. त्या अख्ख्या केंद्रात आडोसा म्हणावा असा तो एक गोळाच होता.

पुढचं मी सांगणार नाही. गोष्ट लहान मुलांची आहे. खवलेसाहेब मात्र त्या संध्याकाळी नदीवर बराच वेळ अंग घासत होते.

तात्पर्य: मुलांनो, घरातून निघतानाच जाऊन यावं. राज्यकारभार सुधारण्यापेक्षा ते सोपं असतं.