मागे कोण घेणार?

वाहन परवाना अधिकारी आरशासमोर उभे राहून भाषणाची शेवटची उजळणी करत होते आणि त्यांची बायको पलंगावर बसून सँडलचा पट्टा लावत ते ऐकत होती.

"भ्रष्टाचार ही एका देशाची नव्हे, साऱ्या मानवजातीला लागलेली कीड आहे," साहेब म्हणाले.

"कीड कशाला? लोक जेवायच्या आधी ऐकणार आहेत," बायको म्हणाली.

कालव्यापलीकडच्या सभागृहात आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. देशोदेशीचे पाहुणे आले होते. भ्रष्टाचारावर बोलायला जाणकार माणूस हवा होता, म्हणून खात्याने साहेबांचे नाव कळवले, आणि यात खात्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. परवाना मागायला आलेल्या माणसाला साहेब गाडीत कधी बसवत नसत, खुर्चीत बसवत. दलालाने चहापाण्याचे आधीच पाहिलेले असे. साहेब त्या माणसाकडे एकदा बघत, "दिसतं ना नीट?" एवढे विचारत आणि पास करत. चाचणीच्या मैदानावर गुडघाभर गवत माजले होते.

त्या दिवशी ऑफिसचा ड्रायव्हर आजारी पडला, म्हणून टॅक्सी बोलवावी लागली. टॅक्सीवाल्याने आरशातून साहेबांना पाहिले आणि त्याचा चेहरा खुलला.

"साहेब, ओळखलं नाही का? मी तुमच्याच हातचा."

"असं का?" साहेब सुखावले. "छान चाललंय ना?"

"तुमची कृपा. नाहीतर मला कोण परवाना देणार होतं?"

बायकोने दाराची कडी घट्ट धरली.

कालव्यावरचा पूल अरुंद होता. टॅक्सी निम्म्यावर आली आणि समोरून बस आली. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. टॅक्सीच्या मागे गाड्यांची रांग लागली होती, बसच्या मागे मात्र एक टेम्पो आणि एक मोटार, एवढेच. म्हणजे मागे बसनेच जायला हवे होते. टॅक्सीवाल्याने हातवारे केले. बसवाल्याने हातवारे केले. शेवटी बसवाला खाली उतरला आणि भांडायला म्हणून आला, तो मागच्या सीटवर साहेबांना पाहून एकदम नरमला.

"साहेब, तुम्ही? आधी सांगायचं ना."

"बस मागे घ्या. मला परिषदेला उशीर होतोय."

बसवाल्याने मान खाजवली. "साहेब, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मागे घ्यायला मला येत नाही. आमचा मार्गच गोल आहे. पुढे पुढे जात राहिलं की डेपो येतो."

टेम्पोवाल्याला बोलावले. तोही साहेबांचाच निघाला. मोटारवाल्याने तर खाली उतरून साहेबांचा हात हातात घेतला आणि सांगितले की मागे जायचा गिअर कुठला, हे तो बरेच दिवस कोणाला तरी विचारणार होता.

पुलावर उकडत होते. मागून भोंगे वाजत होते. बायको पदराने वारा घेत म्हणाली, "अहो, मग तुम्हीच घ्या की मागे. सगळ्या गावाची परीक्षा घेता ना?"

सगळे साहेबांकडे पाहू लागले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"माझं काम तपासायचं आहे. चालवायचं नाही."

"म्हणजे तुम्हालाही येत नाही?"

"माझी परीक्षा घेणारे साहेब फार सज्जन होते," ते हळू आवाजात म्हणाले.

लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवऱ्याची नवी ओळख झाली, की माणूस जसा बघतो तशी बायको त्यांच्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात बसमधून एक शिक्षिका उतरल्या. हातातली पिशवी त्यांनी बसवाल्याकडे दिली आणि म्हणाल्या, "व्हा बाजूला. मला शाळा गाठायचीय."

त्यांनी आधी मोटार मागे नेली, मग टेम्पो, आणि शेवटी ती अजस्र बस आरशात बघत, कठड्याला न घासता पुलाबाहेर काढून रस्त्याकडेला लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या.

"कुठं शिकलात?" बायकोने कौतुकाने विचारले.

"वडिलांचा मालट्रक होता. यांनी मला दोनदा नापास केलंय." त्यांनी साहेबांकडे बोट दाखवले. "कारण लिहिलं होतं, आत्मविश्वास कमी. दलालाला भेटायला मी नाही म्हणाले होते."

साहेबांना एकाएकी कालव्यातले पाणी बघावेसे वाटले आणि ते टॅक्सीतून उतरून कठड्यापाशी गेले.

एवढ्यात हवालदाराची जीप आली. काय झाले ते त्याने ऐकून घेतले आणि सगळ्यांचे परवाने मागितले. सगळ्यांनी ऐटीत दाखवले. शिक्षिकांकडे तेवढा नव्हता.

"परवाना नसताना बस चालवली?" हवालदार गंभीर झाला. "साहेब, तुम्ही पाहिलंत?"

बायको नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. हो म्हटले तर या बाई अडकणार होत्या, आणि नाही म्हटले तर कोणी चालवली, हा प्रश्न येणार होता.

"पाहिलं," साहेब म्हणाले. "कायदा सगळ्यांना सारखा असतो."

"मग बाई, तुम्हाला ठाण्यावर यावं लागेल. चला." हवालदाराने जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली. "वळव रे गाडी."

ड्रायव्हर जागचा हलला नाही. त्याची नजर साहेबांवर गेली आणि त्याने अत्यंत आदराने सलाम ठोकला. हवालदाराला काय ते समजले. तो जरा खाकरला.

"बाई," तो आवाज खाली आणून म्हणाला, "ठाण्यापर्यंत तुम्हीच घेता का?"

शिक्षिकांनी पिशवी परत घेतली आणि जीपमध्ये चढल्या. मागोमाग टॅक्सीचे दार उघडून साहेबांची बायको उतरली आणि जीपमध्ये त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"अगं, तू कुठं? भाषण आहे माझं."

"ठाण्यावर. काय झालं ते मीही पाहिलंय, सगळं सांगते. आणि घरी धड पोचायचंय मला."

जीप एका झोकात वळली आणि दिसेनाशी झाली. पूल मोकळा झाला होता. टॅक्सीवाल्याने साहेबांसाठी अदबीने दार धरले.

"बसा साहेब. आता मागे घ्यायची भानगड नाही. रस्ता एकदम सरळ."

"नक्की सरळ ना?" साहेबांनी विचारले.

"अगदी सरळ," टॅक्सीवाला म्हणाला. "फक्त उतार आहे."