बापूकाकांचं अजायबघर

खोलीभर नक्षीदार खुर्च्या असूनही माझे चुलतकाका, बापूकाका, जमिनीवर पोतं टाकून बसत. "खुर्ची बघायला असते रे. बसायला धरती काय कमी आहे?"

जबलपुरातली ही हवेली त्यांच्या वडिलांची. काकू गेलेल्या, मूलबाळ नाही. तेव्हा झुंबरं, शिसवी पलंग, चिनी बरण्या जागच्या जागी ठेवून काकांनी दारावर 'अजायबघर' अशी पाटी ठोकली. रविवारी दार सताड उघडं. आत यायची ती शेजारची बकरी. तिलाही काका बजावत, "बघायचं, शिवायचं नाही!"

लढाईचे दिवस होते. फौजी अफसरांच्या मुक्कामाला हवेली हवी, असा सरकारी निरोप आला. काका कचेरीत जाऊन कडाडले, "घर घ्या ना! लोकांचं अजायबघर काहून घेऊन राहिले तुम्ही?" साहेब म्हणाला, रविवारी येतो, लोक दाखवा.

लोक कुठले? काकांनी दूरच्या सिहोरा गावापासून शहरातल्या सराफ्यापर्यंतचे नातेवाईक गोळा केले. "ओळख दाखवायची नाही. तुम्ही पब्लिक!" मला कलाप्रेमी गृहस्थाचं काम मिळालं, कारण कोट माझ्याकडेच होता. तोही लग्नातला. बटणं लावली की श्वास बंद. मी झुंबराकडे टक लावून होतो, कारण मान वर केली तरच हवा आत जाई.

साहेब मुनशीला घेऊन आला. तेवढ्यात सिहोऱ्याचे दामूभाऊ शिरले आणि सवयीनं काकांच्या पाया पडले. काकाही सवयीनं म्हणाले, "औक्षवंत हो!" झालं, मागची सगळी रांगच वाकली.

मुनशीनं विचारलं, "साहब पूछ रहे हैं, ये क्या है?"

"रिवाज है!" काका म्हणाले. "अजायबघर में पहले पाँव छूते हैं!"

साहेब हसत हसत खुर्चीवर टेकणार, तोच काका गरजले, "बैठना मना है! लाटसाहब को भी!"

गेली हवेली, असं मी मनात म्हणालो. साहेब क्षणभर तसाच अधांतरी राहिला, मग सरळ उभा होऊन इंग्रजीत काही बोलला. मुनशीनं सांगितलं, "जहाँ बैठ नहीं सकते, वहाँ अफसर रहेंगे कैसे?" मुनशीला दुसरं घर शोधायला सांगून तो निघून गेला.

आम्ही एकच गलका केला. काका मात्र एकेकाला गाठून विचारत होते, "अच्छा, खरं सांग, काय आवडलं?"

मी म्हणालो, "सगळंच!" दामूभाऊही म्हणाले, "सगळंच!" काका मान हलवून पुढे सरकत.

पब्लिकमधली माझी बायको म्हणाली, "कोपऱ्यातली ती काळी, चांदीच्या नक्षीची बिदरी सुरई. तिच्यावरचे सारे पक्षी पुढं बघून राहिले, एकच मागं वळला आहे."



"सूनबाई, तुला दिसला तो?"

मग काका हळूच म्हणाले, "आतल्या खोलीत एक बरणी आहे... वेळ आहे ना तुला?"